दहा बाय दहात दहा पानं

लग्नाची तारीख निघाली की केळवणांची बोलावणी सुरू होतात. आत्या, मावशी, शेजारच्या काकू, ऑफिसातली मैत्रीण, प्रत्येकीला नवऱ्यामुलाला किंवा नवरीला एकदा आपल्याकडे जेवू घालायचं असतं. अलीकडे मात्र या बोलावण्याला एक वाक्य हमखास जोडलं जातं : ‘‘आमचं घर लहान पडेल गं, आपण हॉटेलातच भेटू.’’ मग रविवारी दुपारी हॉटेलच्या दारात नाव लिहून तासभर ताटकळायचं, मागची माणसं टेबल रिकामं व्हायची वाट बघत उभी असताना भराभर जेवायचं आणि बिल चुकतं केलं की निघायचं. पानाभोवती रांगोळी नाही, औक्षण नाही, शेवटच्या घासाला ‘‘अजून एक पोळी घेच’’ म्हणणारं कुणी नाही. केळवण उरकतं, पण घरी बोलावून जेवू घातल्याचं समाधान ना बोलावणाऱ्याला मिळत, ना जेवणाऱ्याला.

घर लहान असतं ही गोष्ट खरीच आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. त्यांतली एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतलं घर आधी २२५ चौरस फुटांचं असे, पुढे ते २६९ झालं आणि आता ३०० चौरस फुटांचं मिळतं. २०११च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ३७ टक्के कुटुंबांकडे राहायला एकच खोली होती.

तरीही याच खोल्यांमध्ये बारशी झाली, डोहाळजेवणं झाली, साखरपुडे झाले. गावाहून आलेला पाहुणा जेवल्याशिवाय परत गेला नाही. हे कसं जमत होतं? त्या लोकांची मनं मोठी होती, असं उत्तर चटकन दिलं जातं. मनं मोठी होतीच, पण त्यांच्याकडे पद्धतीही होत्या, आणि त्या आजच्या वन रूम किचनलाही जशाच्या तशा लागू पडतात.

पहिली पद्धत जमिनीवरची.

सहा माणसांचं जेवणाचं टेबल साधारण ५ फूट लांब आणि ३ फूट रुंद असतं. खुर्ची मागे ओढून बसता-उठता यावं म्हणून चारही बाजूंना अडीच-अडीच फूट मोकळे ठेवावे लागतात. म्हणजे १० फूट बाय ८ फूट, एकूण ८० चौरस फूट जागा सहा माणसांच्या जेवणात अडकते. जेवण झाल्यावरही टेबल तिथेच उभं राहतं.

आता पंगतीचा हिशोब. मांडी घालून बसलेल्या माणसाला रुंदीला दोन फूट पुरतात. बैठकीला अडीच फूट आणि समोरच्या ताटाला दीड फूट धरले, तर भिंतीपासून चार फूट लागतात. समोरासमोर दोन ओळी मांडल्या की आठ फूट झाले आणि मधे वाढणाऱ्याला दोन फुटांची वाट उरली. अशा पाच-पाचच्या दोन ओळी, म्हणजे दहा माणसं, १० बाय १०च्या जागेत बसतात. जेवणं आटोपली, जमीन पुसली की खोली पुन्हा मोकळी. दुपारी तिथेच मुलं अभ्यासाला बसतात, रात्री तिथेच गाद्या पडतात.

पंगतीची खरी सोय मात्र हालचालीत आहे. बुफेमध्ये भांडी एका जागी राहतात आणि माणसं भरलेली ताटं घेऊन फिरतात. दहा माणसं एकाच वेळी आमटीच्या पातेल्याकडे वळली की लहान खोलीत धक्काबुक्की ठरलेली. पंगतीत माणसं बसून राहतात आणि फिरतात ती दोन भांडी आणि दोन वाढपी. पानाची मांडणीही त्याला धरूनच ठरलेली आहे. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, उजवीकडे भाजी आणि आमटीची वाटी, मधे भात. डावी बाजू आधी वाढून ठेवता येते, कारण ती गार झाली तरी बिघडत नाही. माणसं बसल्यावर फक्त गरम पदार्थ फिरवायचे राहतात. वाढणाऱ्यालाही काय कुठे पडायचं ते पाठ असतं, त्यामुळे त्याचा हात कुठे अडत नाही.

ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचा विचार मात्र आधी व्हायला हवा. दोन खुर्च्या भिंतीला लावून समोर ताटापुरती उंच स्टुलं ठेवली की आजी-आजोबांना पंगतीतच बसता येतं. त्यांना आतल्या कॉटवर एकटं जेवायला बसवलं, तर बोलावण्याचा निम्मा हेतूच जातो.

दुसरी पद्धत पाळीची. तिची शाळा गिरणगावात भरत होती.

कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत, पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या बोलीवर खानावळीत जेवत. ही खानावळ म्हणजे पुष्कळदा एखाद्या बाईची राहती खोलीच असे. ती तिथेच चूल पेटवी, तिथेच मुलांना निजवी आणि तिथेच परक्या माणसांची पानं मांडी. गिरणीला तीन पाळ्या, म्हणून जेवणालाही पाळ्या. एक तुकडी हात धुऊन उठली की दुसरी बसायची. सगळ्यांना एकदम बसवण्याचा विचारही तिथे कुणी करत नसे, आणि तरी कुणी उपाशी राहत नसे. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं आणि सावकाराच्या व्याजातून सोडवण्यासाठी त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, कामगार पांगले आणि खानावळीही ओसरल्या. एका खोलीतून रोज इतक्या माणसांना जेवू घालणाऱ्या त्या बायकांची पाळी लावण्याची हातोटी मात्र आजही उपयोगी पडते.

ही पद्धत घराघरांत आजही दिसते, फक्त तिच्याकडे त्या नजरेने पाहिलं जात नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकू घ्या. निमंत्रणात ‘सायंकाळी ५ ते ८’ असं लिहिलेलं असतं. चाळीस बायका येऊन जातात, पण कुठल्याही क्षणी खोलीत पाच-सहापेक्षा जास्त नसतात. हळदकुंकू, तिळगूळ, वाण, चार गोष्टी आणि दहा-पंधरा मिनिटांत ‘‘येते गं’’. गणपतीत दीड दिवस असाच राबता असतो. वास्तुशांत, बाळाचा पहिला वाढदिवस, परदेशातून आलेल्या भावाची भेट, या सगळ्याला हीच रीत लावता येते. नातेवाईक दुपारी जेवायला, मित्रमंडळी संध्याकाळी कांदेपोहे आणि चहाला. सगळ्यांना रात्री आठला एकदम बोलावलं की घर अपुरं पडतं. तीच माणसं दोन पाळ्यांत आली तर घर पुरतं, आणि यजमानाला प्रत्येकाशी चार शब्द बोलता येतात.

तिसरी पद्धत उंबऱ्याबाहेरची.

वास्तुरचनाकार नीरा आडारकर यांनी संपादित केलेल्या, २०११मध्ये निघालेल्या मुंबईच्या चाळींवरच्या पुस्तकाचं नाव ‘द चॉल्स ऑफ मुंबई : गॅलरीज ऑफ लाइफ’ असं आहे. गॅलरीला पुस्तकाच्या नावातच मान मिळाला तो योग्यच आहे. चाळीत कार्य निघालं की बैठक गॅलरीत, हात धुवायला बादली-तांब्या गॅलरीत, मुलांची पंगत गॅलरीत. शेजारची खोली तर बोलून-चालून आपलीच. एका घरात स्वयंपाक, दुसऱ्या घरात पुरुषांची पंगत, तिसऱ्या घरात झोपलेली बाळं. मोठी पातेली, पराती, पाट आणि ओगराळी यांना मालक असे, पण वापर सगळ्यांचा. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो याच सामाईक अंगणाच्या आणि सज्जांच्या जिवावर. कोजागरीला गच्चीवर मोठ्या पातेल्यात आटणारं मसाला दूध हाही त्याच रीतीचा भाग. एका घरात पन्नास माणसं मावणार नाहीत, गच्चीवर मावतात.

नव्या इमारतींत गॅलरी गेली, पण गच्ची आहे, सोसायटीचं ऑफिस आहे, समोरचा फ्लॅट आहे. दोन तासांसाठी टीपॉय आणि दोन खुर्च्या समोरच्या घरात ठेवायला मागितल्या तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. जिन्यात मात्र सामान किंवा चपलांचा ढीग ठेवू नये. आग लागली तर तीच पळायची वाट असते.

आता एक केळवण जवळून पाहू. समजा, डोंबिवलीतलं वन रूम किचन, दोन शेगड्यांचा गॅस, जेवायला दहा माणसं, दिवस रविवारचा. बेत मोजक्या पदार्थांचा : मसालेभात, मठ्ठा, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या आणि गोडाला श्रीखंड. सोबत तळलेल्या कुरडया. या बेतात एक शहाणपण आहे. ऐन वेळी गरम लागतो तो फक्त भात. बाकी सगळं आधी होऊन बसतं.

श्रीखंड शनिवारीच करायचं. अर्धा किलो चक्का आणि त्याच्या पाऊणपट साखर एकत्र कालवून, पुरणयंत्रातून फिरवून, वेलची-केशर घालून फ्रीजमध्ये ठेवलं की दहा वाट्या सहज होतात. पोळ्यांसाठी ओट्यापाशी दोन तास उभं राहण्याची गरज नाही. आज जवळपास प्रत्येक उपनगरात पोळी-भाजी केंद्र आहे. माणशी तीन-चार धरून पस्तीस-चाळीस पोळ्या आदल्या दिवशी सांगून ठेवाव्यात. कुरडया रविवारी सकाळी पाहुणे यायच्या खूप आधी तळून घट्ट झाकणाच्या डब्यात.

मसालेभाताला १ किलो तांदूळ लागतो. शिजून त्याचा साधारण ३ किलो भात होतो. इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण घरातल्या ५ लिटरच्या कुकरमध्ये एवढा भात एका वेळी होत नाही. तांदूळ-डाळीसारखे फुगणारे पदार्थ पाण्यासकट कुकरच्या निम्म्यापर्यंतच भरायचे असतात, म्हणजे अडीच लिटर. १ किलो तांदूळ आणि त्याच्या दुप्पट पाणी त्याच्या वर जातं. दोनदा कुकर लावला तर पहिला भात गार होतो. म्हणून जाड बुडाचं मोठं पातेलं शेजारून मागून आणावं किंवा मंडपवाल्याकडून एक दिवसासाठी भाड्याने घ्यावं. फोडणीत गोडा मसाला, तोंडली आणि काजू परतून, तांदूळ टाकून, आधणाचं पाणी ओतून वर ताट झाकलं, मग आच मंद केली की तो मुरत मुरत शिजतो. साडेअकराला चढवला तर सव्वाबाराला उतरतो आणि जाड बुडामुळे पाऊण तास तरी वाफाळता राहतो. मापाची चिंता वाटणाऱ्यांनी कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ काढावी. १९७०मध्ये निघालेल्या या पुस्तकाने वाटी-चमच्याचं माप दिलं, म्हणून तर नव्याने संसार मांडणाऱ्या हजारो मुलींना ते आधार वाटलं. पाककृतीतलं माप चार माणसांचं असेल तर दहांसाठी अडीचपट करावं. मीठ आणि तिखट मात्र आधी दुप्पटच घालून चव पाहून वाढवावं.

साडेबाराला पाहुणे दारात येतील तेव्हा गॅस बंद असला पाहिजे. यामागे साधं विज्ञान आहे. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर पडते. दहा माणसं म्हणजे एक किलोवॉट, जणू खोलीत एक इस्त्री सतत चालू ठेवली आहे. त्यात शेजारच्या शेगडीवर पुऱ्यांची कढई उकळत असेल तर खोलीची भट्टी होते आणि तेलाचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जातो. टम्म फुगलेली गरम पुरी कितीही मोहात पाडत असली तरी लहान घरात ती पंगतीला नको. पाहुणे येण्याआधी अर्धा तास दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडून वारा खेळता ठेवावा, पडदे सारून ऊन मात्र अडवावं.

आधी करून ठेवण्यात एक धोका आहे, तो नीट समजून घ्यायला हवा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात, आणि आपल्याकडची दुपार याच पट्ट्यात असते. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. भाताच्या बाबतीत तर जास्तच काळजी हवी. बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते रुजतात आणि विष तयार करतात, जे पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून भात झाकून कडकडीत ठेवावा, श्रीखंड आणि मठ्ठा वाढायच्या क्षणी फ्रीजमधून काढावा, आणि उरलेला भात पंगत उठल्याबरोबर पसरट भांड्यात गार करून फ्रीजमध्ये टाकावा.

भांड्यांचा प्रश्न पानांनी सुटतो. महाराष्ट्रात २०१८पासून थर्माकोलच्या आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या ताटल्यांवर बंदी आहे. केळीची पानं दादरच्या फुलबाजारात मिळतात, पळसाच्या पत्रावळी आणि सुपारीच्या झापांच्या ताटल्या ठिकठिकाणच्या दुकानांत. जेवण झाल्यावर पानं दुमडून थेट ओल्या कचऱ्यात जातात आणि मोरीत दहा ताटांचा डोंगर उभा राहत नाही. पाण्याची वेळ ठरलेली असते तिथे पिंप आणि कळशी सकाळीच भरून ठेवावी.

वेळ दुपारची असावी, हे मुंबईपरिसरात फार महत्त्वाचं. रात्रीचं जेवण कितीही रंगलं तरी कल्याण-पनवेलकडच्या पाहुण्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे आणि शेवटच्या लोकलकडे असतं. रविवार ठरवला तर मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच पाहून पाहुण्यांना कळवावं. पाहुण्यांकडूनही दोन गोष्टींची अपेक्षा रास्त आहे. किती जण येणार तो आकडा आधी सांगावा, आणि येताना मोठा खोका किंवा अवजड पुष्पगुच्छ आणू नये. तो ठेवायला त्या घरात जागा नसते. त्यापेक्षा ‘‘येताना काय आणू?’’ असं विचारून पोळ्या केंद्रातून उचलून आणल्या, तर यजमानाचा एक फेरा वाचतो.

पंगतीचा एक जुना दोष मात्र पंगतीबरोबर परत येता कामा नये. मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द आहे. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं, असा भेद करण्याला तो लावतात. जातीच्या नावाने वेगळ्या बसवलेल्या पंगती हा तर त्याचा सर्वांत कठोर प्रकार होता. घरातल्या बाईच्या वाट्यालाही हा भेद पिढ्यान्‌पिढ्या आला. पहाटेपासून राबायचं, सगळ्यांना वाढायचं आणि तीन वाजता खरवड आणि उरलेली कोशिंबीर घेऊन एकटीनं बसायचं. अनेक घरांतल्या बायकांना आज घरी जेवण नकोसं वाटतं त्याचं मोठं कारण घराच्या लहानपणात नाही, या आठवणीत आहे. त्यावर उपाय सोपा आहे आणि तो घरातल्या पुरुषांच्या हातात आहे. स्वयंपाक जिने केला तिने पहिल्या पंगतीत बसावं. मुलगा आणि जावई यांनी भात, पोळी, मठ्ठा घेऊन फिरावं. वाढण्यात काही अवघड नाही : टोकापासून सुरुवात करायची, पाठीमागे सरकत जायचं, पळी पानाजवळ न्यायची आणि जेवणाऱ्याने हात आडवा केला की थांबायचं. शेवटी जमीनही त्यांनीच पुसावी.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं बांधली जात आहेत. वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५मध्ये दिल्या गेल्या. त्या घरांत टेबल मावेल, खुर्च्या मावतील. पण मुंबई, ठाणे, पुण्यातली लाखो घरं अजून लहान आहेत आणि बराच काळ लहानच राहणार आहेत. तोवर माणसांना घरी बोलावणं थांबवून ठेवायचं कारण नाही.

येत्या लग्नसराईत हॉटेलला फोन करण्याआधी घरातली मोकळी जमीन एकदा टेपने मोजून पाहावी. दहा पानं, मोजके पदार्थ, दोन वाढपी आणि दुपारी साडेबाराची वेळ, एवढंच लागतं. पाट कमी पडले तर शेजारच्या घरी मागावेत. आणि मागायला गेलोच आहोत, तर शेजारच्या काकूंचंही एक पान धरावं.